दस्तूरमास्तर

बसवंतराव हे त्यांचं नाव शाळेच्या दफ्तरात होतं. एका माणसाखेरीज कुणी ते तोंडानं घेतलेलं मी ऐकलं नाही. आम्ही शिक्षक त्यांना अप्पा म्हणायचो आणि उरलेलं धाराशिव त्यांना दस्तूरमास्तर म्हणायचं. दस्तूर म्हणजे राज्यघटना. उर्दू तेव्हा सरकारची आणि शाळेची भाषा होती, त्यामुळं भाजीबाजारात बसणाऱ्या बायकांनासुद्धा हा शब्द ठाऊक होता. तो या माणसाला का चिकटला, याबद्दल मात्र प्रत्येकाचं वेगळं सांगणं असायचं. कुणी म्हणे, हैदराबादला शिकत असताना ते निजामासाठी दस्तूर लिहीत होते. कुणी म्हणे, निजामाविरुद्ध लिहीत होते, म्हणून इकडं पाठवलं.

खरी गोष्ट साधी होती. अप्पा एक प्रबंध लिहीत होते. पुष्कळ लहान प्रांत मिळून एक मोठं राज्य होतं तेव्हा कोणतं काम कुणाच्या हातात असावं, गावानं काय ठरवावं, प्रांतानं काय, राजधानीनं काय, हा त्यांचा विषय. कॅनडा, अमेरिका, स्वित्झर्लंड ही नावं ते भूम, परंडा, कळंब म्हणावीत तितक्या सहज घेत. तिथं ते कधी गेले नव्हते. सोलापूरच्या पलीकडं इंग्रजी मुलुखातसुद्धा फारसे गेले नसावेत.

मी गणित शिकवायला त्या शाळेत रुजू झालो ते महायुद्धाच्या दिवसांत. पहिल्याच दिवशी एक उंच, थोडा वाकलेला माणूस माझ्यापुढं येऊन उभा राहिला. काळी शेरवानी, तिच्या कोपरावर बारीक रफू, कपाळावर विभूतीची बोटं. म्हणाला, "तुम्ही गणितवाले ना? तुमचं बरंय. तुमच्यात दोन आणि दोन किती ते कुणाला विचारायला लागत नाही." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा गणितवाले झालो.

अप्पांचं घर मूळचं नळदुर्गचं. बाजारपेठेत वडिलांचं भुसाराचं दुकान होतं. आई आळंदकडची, कन्नड बोलणारी. "आईशी कन्नड, वडलांशी मराठी, सरकारशी उर्दू," असं ते सांगायचे, "आणि इंग्रजी फक्त पुस्तकांशी. चार भाषा एका उंबऱ्याच्या आत राहतात आणि भांडत नाहीत. कारण कुठं कोणती बोलायची ते ठरलेलं हाय. तेवढं ठरवता आलं की झालं संघराज्य."

त्यांची एक सवय आम्हाला सगळ्यांना छळायची. कुठलीही गोष्ट निघाली की ते आधी विचारायचे, "हे कोण ठरवतं?" शिक्षकांच्या खोलीत मडकं कुठं ठेवायचं यावरून वाद झाला, तरी अप्पांचा प्रश्न तोच. मडक्याची जागा बाजूला राहायची आणि ती ठरवण्याचा अधिकार कुणाचा यावर मधली सुट्टी संपायची. चहा ते बशीत ओतून घेत आणि बोलण्याच्या भरात तो तसाच निवू देत. मग एका घोटात पिऊन टाकत आणि दर वेळी तोंड वाकडं करत.

वर्गातही हेच चालायचं. एकदा उन्हाळ्यात खिडकीवरून पोरांची जुंपली. खिडकीजवळच्यांना ऊन लागत होतं, त्यांना ती बंद हवी होती. मागच्यांचा जीव कोंडत होता, त्यांना ती उघडी हवी होती. अप्पांनी इतिहासाचं पुस्तक मिटलं आणि अख्खा तास त्या खिडकीला दिला. ऊन ज्याला लागतं त्याचं म्हणणं किती मोलाचं, हवा ज्याला लागते त्याचं किती, दोघांचं जमलं नाही तर कुणाकडं जायचं. माझा तास मोकळा होता, मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. तेवढ्यात आमचे मुख्याध्यापक तिथं आले. त्यांना आम्ही सदरसाहेब म्हणायचो. सय्यद घराण्यातले, हैदराबादचे, बोलायला मृदू, पण शिस्तीला कडक.

"बसवंतराव साहब, ये क्या हो रहा है?"

"जनाब, खिडकीचा दस्तूर बनवतोय."

सदरसाहेबांनी पोरांकडं पाहिलं. "और अगर मैं बाहर से हुक्म दूँ कि बंद करो, तो?"

अप्पाच म्हणाले, "तर आम्ही बंद करू, जनाब. पण कारण विचारू."

त्या दिवसांत, त्या राज्यात, हुकमाचं कारण विचारू असं सरकारी नोकरानं वर्गात म्हणणं लहान गोष्ट नव्हती. सदरसाहेब पोरांना म्हणाले, "वजह जरूर पूछना," आणि पुढच्या वर्गाकडं निघून गेले. त्या दोघांची मैत्री मला त्या दिवशी कळली.

अप्पांच्या विद्वत्तेची खरी परीक्षा मी पाहिली ती भूमकडच्या ईट गावाच्या पुढं, एका ओढ्यावर. ईटचे एक गृहस्थ मुलाला घरी न्यायला शाळेत आले होते. त्यांनी सांगितलं, त्यांच्या भागातल्या दोन गावांत पटकी लागलीय, रोज माणसं जातायत. ओढा एकच. वरचं गाव जागिरीतलं, खालचं सरकारातलं. वरच्या गावची माणसं आजाऱ्यांची लुगडी-धोतरं ओढ्यात धुतात आणि तेच पाणी खालचं गाव पितं. तहसीलदार म्हणतात, जागिरीच्या गावात माझा हुकूम चालत नाही. जागिरीचा कारभारी म्हणतो, खालचं गाव आमचं नाही.

अप्पांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पटकीला हद्द नाही आणि औषधाला हाय," एवढंच म्हणाले. सदरसाहेबांकडून त्यांनी रजा घेतली आणि मला म्हणाले, "गणितवाले, चला."

"मी येऊन काय करू, अप्पा?"

"माझं बोलणं लांबायला लागलं की शेरवानी ओढायची."

मोटारीनं भूमपर्यंत आणि तिथून छकड्यात बसून आम्ही गेलो. दोन गावांच्या मधे एक लिंब होता. अप्पांनी दोन्हीकडची माणसं तिथं बोलावली. पहिल्यांदा कुणी येईना. मग अप्पा एकेका दारात जाऊन उभे राहिले. ज्या घरात माणूस गेलं होतं त्या घरात आधी बसले, तिथं दस्तूर-बिस्तूर काही बोलले नाहीत. दुपार कलल्यावर लिंबाखाली बरीच माणसं जमली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ओढा दोघांचा, तर त्याचा नियम दोघांनी मिळून करायचा. वरच्यांनी धुणं ओढ्यात न करता पाणी शेताकडं नेऊन तिथं करायचं. खालच्यांनी प्यायचं पाणी वरच्या अंगाला भरायचं, धुणं खालच्या अंगाला करायचं. राखण करायला वरच्या गावचा माणूस खाली बसेल आणि खालच्या गावचा वर. ही शेवटची युक्ती लोकांना फार पटली. आपल्या गावावर परगावचा माणूस लक्ष ठेवणार म्हटल्यावर आधी कुरकुर झाली, पण आपलाही माणूस तिकडं बसणार म्हटल्यावर ती विरली. माना डोलायला लागल्या. अप्पांचा चेहरा असा उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. हैदराबादच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं जे वाचलं ते या लिंबाखाली उभं राहत होतं.

तेव्हा जमावाच्या पार कडेला, वेगळी उभी असलेली एक बाई बोलली. खालच्या गावाच्याही खाली जी वस्ती होती, तिथली. गावानं शिवायचं नाही अशी ठरवलेली माणसं ती. तिचं नाव धोंडाबाई होतं हे मला नंतर कळलं.

"धुणं खालच्या अंगाला म्हंता," ती म्हणाली, "पर खाली आमीच हाओत की."

खालच्या गावचा पाटील तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुमचं बघू मागनं."

"मागनं म्हंजे कवा? माजी दोन गेली." ती अप्पांकडं वळली. "मास्तर, तुमी म्हंता गाव ठरवील. गावानं आमचं तर कवाच ठरवलंय. आमी कुनाला इचारावं?"

मी अप्पांच्या शेजारी होतो. ते उठले, तिच्यापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलं ते बरोबर हाय. माझ्याकडं याचं उत्तर आत्ता नाही. करतो काहीतरी."

त्यांनी पाटलाला पुष्कळ समजावलं. वस्तीतल्या माणसांनाही वरच्या अंगालाच पाणी भरू द्या म्हणाले. गाव ऐकेना. शेरवानी ओढायची वेळ माझ्यावर आली नाही. लोकच उठून जायला लागले. परतीच्या वाटेवर अप्पा थेट तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या, कचेरीत गेले. जो माणूस आयुष्यभर सांगत आला की वरून हुकूम आणू नका, तो त्या दिवशी हुकूम मागायला वर गेला. तालुकदारांनी त्यांनाच आधी धारेवर धरलं. दोन गावांची बैठक घेतली ती कुणाच्या हुकमानं, असं विचारलं.

"हुकूम कुणाचाच नव्हता, साहेब," अप्पा म्हणाले. "म्हणून तर जावं लागलं. आता तुमचा पाहिजे."

हुकूम निघाला. गावानं तो अर्धा मानला. वस्तीला पाण्यासाठी वरच्या अंगाला जागा मिळाली, पण गावाच्या घाटापासून लांब, वेगळी. पटकी ओसरली. तिकडच्या लोकांनी अप्पांचं नाव काढलं, पण त्यांना त्याचा आनंद झाला नाही. हातलादेवीच्या डोंगराकडं आम्ही संध्याकाळी फिरायला जायचो. तिथं एका दगडावर बसून ते म्हणाले, "माझ्या प्रबंधाचा पाया खचला, गणितवाले. सत्ता खाली, लोकांच्या जवळ न्यावी हे खरंच. पण जवळची सत्ताच गळा धरणारी असंल तर माणसाला वर दाद मागायला वाट पाहिजे. मी सगळा जिना खाली उतरायचा बांधला होता. वर चढायचा बांधलाच नव्हता."

त्यानंतर त्यांनी प्रबंध पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतला. जेमतेम पुरा होत आला आणि पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी त्यांच्या घराची झडती झाली. दस्तूर लिहितो म्हणजे राजद्रोहच लिहीत असणार, असं कुणीतरी वर कळवलं होतं. मी गेलो तेव्हा पोलीस कागदांची पेटी बाहेर काढत होते. एका शिपायानं विचारलं, "इसमें क्या है?"

"स्वित्झर्लंड," अप्पा म्हणाले.

शिपाई प्रामाणिक होता. "वो किस तालुके में है?"

अप्पांना हसू आलं. त्यांनी त्याला बसवलं आणि सांगितलं, असा एक डोंगराळ मुलूख आहे, तिथली माणसं वेगवेगळ्या भाषा बोलतात आणि आपल्या गावचं पुष्कळसं स्वतः ठरवतात. शिपाई ऐकत राहिला. त्याचा वरचा अधिकारी ओरडला तेव्हा तो उठला आणि पेटी खांद्यावर घेऊन गेला. ती पेटी परत आली नाही. नवं राज्य आल्यावर अप्पांनी चौकशी केली, पण ती कुठं आहे हे कुणाला सांगता आलं नाही.

मला वाटलं होतं हा माणूस आता मोडेल. आठवडाभर ते शाळेत आले, शिकवलं, घरी गेले. फिरायला आले नाहीत. मग एके दिवशी स्वतःच माझ्या दारात उभे राहिले. "लिहिलेलं गेलं," म्हणाले, "आता बोलावं लागंल." आणि खरोखरच ते बोलत सुटले. डोंगराच्या वाटेवर आमच्याबरोबर वरच्या वर्गातले विद्यार्थी यायला लागले, एक-दोन वकील, एक आडत दुकानदार. तो प्रबंध आम्ही असा चालता चालता ऐकला. तेव्हा ऐकणाऱ्यांतला एक पुढं मुंबईला सचिवालयात मोठ्या हुद्द्यावर गेला. पुष्कळ वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, माझ्यापुढं कागद आला की मी अजून आधी बघतो, हे खालीच ठरू शकतं का. आणि मग बघतो, खाली ज्याचं कुणी ऐकणार नाही असा यात कोण आहे." अप्पांचं नाव त्याला घ्यावं लागलं नाही. त्या दोन वाक्यांत ते पुरते होते.

पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. लोकांनी साखर वाटली. पण त्याआधीच्या महिन्यांत निजामाच्या माणसांकडून जे सोसलं होतं त्याचा राग गावागावांत होता, आणि तो ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमानांच्या दारापर्यंत गेला. सदरसाहेब घराबाहेर पडेनासे झाले. नवे मुलकी अधिकारी आले होते, लांबच्या प्रांतातले, इथली भाषा न कळणारे. गावातली काही वजनदार मंडळी त्यांना भेटली आणि म्हणाली, हा मुख्याध्यापक उद्याच्या उद्या काढा. जनतेची इच्छा आहे.

अधिकारी शाळेत आले तेव्हा आम्ही सगळे शिक्षक हजर होतो. अप्पा उठून उभे राहिले.

"साहेब, हे कोण ठरवणार?"

बरोबर आलेल्या मंडळींपैकी एकजण म्हणाला, "जनता ठरवणार. आता जनतेचं राज्य आहे, मास्तर. तुमच्या ध्यानात आलं नाही वाटतं."

"आलंय. शाळेची जनता म्हणजे ज्यांची पोरं इथं शिकतात ती. त्यांना विचारू. ते काढा म्हणाले तर मी स्वतः सदरसाहेबांना सांगायला जाईन."

अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं. त्यांनाही बहुधा निर्णय स्वतःच्या अंगावर नको होता. आम्ही दोघं घरोघर फिरलो. काही दारं आमच्या तोंडावर लागली. एका घरी अप्पांना निजामाचा कुत्रा म्हणाले. ते दार बंद होईपर्यंत उभे राहिले आणि पुढच्या दाराकडं वळले. बाजाराच्या दिवशी शाळेच्या आवारात पालक जमले. खेड्यांतून आलेलेही होते. मुसलमान पालक मागं, भिंतीला धरून उभे होते.

मग सरहद्दीकडच्या एका गावचा शेतकरी पुढं आला. त्याचा भाऊ त्या धामधुमीत मारला गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता संपलं.

"माज्या भावाला मारलं त्येंची नावं मला ठावं हायेत," तो म्हणाला. "त्यात ह्या मोठ्या मास्तराचं नाव न्हाय. माजं पोरगं ह्येंच्याकडं शिकतंय. शिकू द्या."

एवढं बोलून तो खाली बसला. त्यानंतर फार चर्चा झाली नाही.

सदरसाहेब शाळेत परत आले. परीक्षा होईपर्यंत त्यांनी शाळा चालवली आणि मग आपण होऊन हैदराबादला मुलींकडं निघाले. मोटार सुटायच्या आधी त्यांनी अप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "आप लोगों ने रहने का हक दिया," ते म्हणाले, "अब जाना मेरी मर्जी का है. इस में बहुत फर्क है, बसवंतराव." अप्पा मोटारीच्या धुळीत उभे राहिले.

त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. नव्या कारभाराची घडी बसवायला हैदराबादला जाणत्या माणसांची गरज होती. अप्पांचं नाव कुणीतरी सुचवलं होतं, आणि ते तिथं जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण इथल्या मंडळींनी वर सांगितलं की हा निजामाचा माणूस. ज्याच्या घराची निजामाच्या पोलिसांनी झडती घेतली, त्याला असं म्हटलं गेलं. बोलावणं आलं नाही. आलं ते नळदुर्गच्या शाळेत बदली झाल्याचं पत्र.

त्या संध्याकाळी फिरताना मी म्हणालो, "अप्पा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"वाटतंय की. न वाटायला मी काय दगड हाय?" ते थोडं पुढं चालत गेले. "आयुष्यभर ज्याचा विचार केला ते आता खरोखर घडतंय, गणितवाले. देशाचा दस्तूर बनतोय. आणि मी त्याच्या आसपास कुठंच नाही." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

ते गेल्यावर आमचं फिरणं सुटलं. भेट झाली नाही. शेवटचं पाहिलं ते एकदा मी हैदराबादला एका लग्नासाठी निघालो होतो तेव्हा. मोटार नळदुर्गला थांबली. किल्ल्याच्या अंगाला, रस्त्याकडेच्या बाभळीखाली धनगरांचा तळ पडला होता. मेंढरं रस्ता ओलांडत होती, त्यामुळं मोटारीला पुढं जाता येईना. त्या तळात मला काळी शेरवानी दिसली. अप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते, मांडीवर पाट, त्यावर कागद. मतदारांची नावं लिहिण्याचं काम तेव्हा निघालं होतं आणि ते शाळामास्तरांवर पडलं होतं. त्यांच्यापुढं एक म्हातारी उभी होती.

मी खिडकीतून हाक मारणार होतो. पण त्यांचं बोलणं कानावर आलं आणि मी थांबलो.

"बिराप्पाची आई," म्हातारी सांगत होती. "तसंच ल्याहा. समदी तसंच म्हंत्यात."

"बिराप्पाचं नाव लिहिलंय, आई. आता तुमचं सांगा."

"माजं काय करायचंय?"

"राज्य कुणी चालवायचं ते तुम्ही ठरवणार. तुमचं नाव पाहिजे."

म्हातारी हसली. मागं बसलेल्या सुनाही हसल्या. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि लांब, मेंढरांकडं बघत राहिली. कुणी तिला नावानं हाक मारून किती वर्षं झाली असतील, कोण जाणे. अप्पांनी घाई केली नाही. टाक उचलून धरला होता, तो तसाच धरून ते तिच्याकडं मान वर करून बघत होते.

मेंढरं सरली. ड्रायव्हरनं मोटार हलवली. मी मागं वळून पाहिलं तेव्हा म्हातारी वाकली होती आणि तोंडावरचा पदर काढून अप्पांच्या कानाशी काहीतरी सांगत होती. ते मला ऐकू आलं नाही. अप्पांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले.